लाल मिलोचे दिवस आणि गहुलीचे वसंतराव नाईक

1 जुलै आला की पंचायत समितीत, कृषी कार्यालयात वसंतराव नाईकांच्या फोटोला हार पडतो. दोन भाषणं होतात, एखादं झाड लावलं जातं आणि माणसं पेरणीच्या घाईत आपापल्या गावाला निघून जातात. या दिवसाला कृषी दिन का म्हणतात, हे नव्या पोरांना विचारलं तर बरेच जण गप्प बसतात. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्यासमोर नुसतं बहात्तर साल म्हणून बघावं. लाल मिलोची भाकरी, सुकडी आणि खडी फोडायचं काम, हे सगळं एका दमात निघतं. त्या मिलोची आणि फोटोतल्या माणसाची गोष्ट एकमेकांत गुंतलेली आहे.

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म 1 जुलै 1913 चा. गाव गहुली, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ. घर बंजारा समाजाचं. आपल्याकडं तुळजापूर, उमरगा, लोहारा भागात तांडे आहेत, त्यामुळं हा समाज इथल्या वाचकाला नवा नाही. पण एक गोष्ट आता विसरली गेलीय. रेल्वे येण्याआधी दख्खनचं धान्य इकडून तिकडं नेण्याचं काम हाच समाज करत होता. हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे चालायचे. धान्य, मीठ, लढाईच्या काळात फौजांची रसद, सगळं त्यांच्या बैलांवर. आगगाडी आली आणि तो धंदा बसला. मग तांडे जागोजाग थांबले आणि शेतीला लागले. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याचं धान्य वाहिलं, त्यांच्यातलाच एक जण पुढं राज्याच्या धान्याची काळजी वाहायला बसला.

शाळा गावात नव्हती. लहानपणी आसपासच्या गावांत जाऊन शिकावं लागलं, नंतर अमरावती आणि नागपूर. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून 1938 ला बी.ए., 1940 ला वकिली पूर्ण झाली. सुरुवातीला अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काम केलं, मग पुसदला स्वतःची वकिली. 1941 ला नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न केलं. मुलगी ब्राह्मण, मुलगा बंजारा. त्या काळात दोन्हीकडून विरोध झाला, पण लग्न टिकलं आणि वत्सलाबाईंनी पुढं समाजकार्यात स्वतःचं नाव केलं.

1946 ला पुसदचे नगराध्यक्ष, 1952 ला आमदार. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता, तिथं ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. 1956 ला विदर्भ आणि आपला मराठवाडा दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले. तिथं त्यांच्याकडं शेती खातं आलं, आणि महाराष्ट्र झाल्यावर महसूल. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती ही जी रचना आज आपण बघतो, ती त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीच्या अहवालातून आली. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. बियाणं, औषध, फवारणी पंप यासाठी शेतकऱ्यानं तालुक्याच्या पंचायत समितीत जायचं, ही सवय तिथून लागली.

मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री असतानाच वारले आणि 5 डिसेंबर 1963 ला वसंतराव मुख्यमंत्री झाले. शांत माणूस, तोंडात पाईप, भाषणात आरडाओरडा नाही. फार दिवस टिकणार नाहीत असं कुणाला वाटलं असेल तर ते चुकलं, कारण हा माणूस सलग 11 वर्षांहून जास्त त्या खुर्चीवर बसला.

खुर्ची मिळाली तेव्हा घरात दाणा नव्हता, असंच म्हणावं लागेल. देशाला पुरेल एवढं धान्य पिकत नव्हतं. अमेरिकेशी 1956 ला करार झाला होता, त्याला लोक पीएल 480 म्हणायचे. त्या कराराखाली अमेरिकेचं जादा झालेलं धान्य जहाजानं यायचं, बंदरावर उतरायचं आणि रेशन दुकानात जायचं. 1965 ला पाऊस गेला आणि त्याच साली पाकिस्तानशी लढाई झाली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. पुढच्या सालीही पाऊस कमीच. 1966 या एका वर्षात देशात 1 कोटी टनांहून जास्त धान्य बाहेरून आलं. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन तर धान्य मोजून मापून सोडत होते. व्हिएतनामच्या लढाईवर भारतानं केलेली टीका त्यांना खुपत होती, आणि शेतीचं धोरण बदला असा त्यांचा दबावही होता. म्हणजे आपल्या खेड्यातल्या रेशनची गोणी कधी येणार, हे हजारो कोसांवरचा माणूस ठरवत होता.

त्याच 1965 साली पुण्यात शनिवारवाड्यावरच्या सभेत वसंतरावांनी जाहीर करून टाकलं की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर आपल्याला फाशी द्यावी. आज असं बोलणं म्हणजे मथळा आणि टाळ्या. त्या माणसानं मात्र त्यासाठी खरंच यंत्रणा कामाला लावली.

हत्यार होतं संकरित ज्वारी. सीएसएच 1 हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण 1964 ला आलं. बुटकं ताट, शंभर दिवसांच्या आसपास काढणी आणि खत दिलं की भरघोस कणीस. गावरान ज्वारीपेक्षा उतारा कितीतरी जास्त. त्याच साली जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्याची कंपनी काढली. ग्रामसेवक, कृषी अधिकारी गावोगाव फिरू लागले. विहिरीला कर्ज, मोटारीला वीज, खताला सहकारी सोसायटी. हायब्रीड हा शब्द मराठवाड्याच्या तोंडात बसला तो या काळात. इतका बसला की पुढं लोक माणसालाही हायब्रीड म्हणायला लागले.

त्यात काय बिघडलं, तेही सांगायला पाहिजे. शंभर दिवसांत येणारं पीक म्हणजे दाणा भरायच्या वेळी नेमका पाऊस. कणसं बुरशीनं काळी पडायची. भाकरी गावरानसारखी लागायची नाही, बाजारात भाव कमी. ताट बुटकं म्हणून कडबा कमी, आणि ज्याच्या दावणीला चार जनावरं आहेत त्याला कडब्याचा तोटा दाण्याइतकाच लागतो. खोडमाशीनं वेगळा त्रास दिला. बियाणं दरसाली विकत घ्यावं लागायचं, कारण संकरित वाणाचा घरचा दाणा पुन्हा पेरून तसं पीक येत नाही. वर सरकारची लेव्ही, म्हणजे पिकल्यातला वाटा सरकारच्या भावानं घालायचा. त्यावरून शेतकऱ्यांत नाराजी होती. भूम, परंड्याच्या काळ्या रानात तर रब्बीची मालदांडीच राहिली. पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारं ते पीक, त्याची जागा हायब्रीडला घेता आली नाही.

तरी उत्पादन वाढलं, हे खरं. दोन वर्षांत राज्य पूर्ण स्वयंपूर्ण झालं असं मात्र म्हणता येणार नाही. मुंबईसारखं शहर पोसायचं म्हणजे गहू, तांदूळ बाहेरून आणावाच लागत होता. फाशी कुणी मागितली नाही. 1967 च्या निवडणुकीत बऱ्याच राज्यांत काँग्रेस पडली, महाराष्ट्रात टिकली.

मग शेतीच्या शिक्षणाकडं वळले. 1968 ला राहुरी, 1969 ला अकोला आणि 1972 ला परभणी व दापोली अशी कृषी विद्यापीठं उभी राहिली. परभणीचं विद्यापीठ 18 मे 1972 चं. त्यासाठी मराठवाड्यात आंदोलन करावं लागलं होतं, ते आपसूक पदरात पडलेलं नाही. 2013 ला, वसंतरावांच्या जन्मशताब्दीत, त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. परभणी मोती ही रब्बी ज्वारी किंवा एमएयूएस 71 हे सोयाबीन आपल्या रानात ज्यांनी पेरलंय, त्यांनी त्याच विद्यापीठाचं वाण पेरलंय.

विद्यापीठ झालं आणि त्याच पावसाळ्यात पाऊस गेला. आधीचं सालही कोरडंच होतं. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा आजच्यापेक्षा मोठा, लातूर अजून वेगळं झालेलं नव्हतं. सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत तो होता. विहिरी आटल्या. खरीप गेलं, आणि जमिनीत ओलच नाही म्हणून मालदांडीही गेली. हायब्रीड असो की गावरान, पाण्यावाचून दोन्ही सारखीच. जनावरं मातीमोलानं बाजारात गेली. राज्याचं धान्य उत्पादन नेहमीच्या निम्म्यावर आलं.

त्यात जगाचा बाजारही फिरला. 1972 च्याच उन्हाळ्यात रशियात पीक बुडालं होतं, आणि रशियानं गाजावाजा न करता अमेरिकेचा प्रचंड गहू विकत घेऊन टाकला. जगात गव्हाचे भाव वर्षभरात दुपटीच्या पुढं गेले. भारताला धान्य पाहिजे होतं तेव्हा ते महाग आणि कमी. जे मिळालं त्यात ती लाल मिलो होती, तिकडं जनावरांना घालतात ती ज्वारी. भाकरी थापता थापता तुटायची. पण पोटात काहीतरी गेलं. महाराष्ट्र मागत होता तेवढं धान्य केंद्राकडून येत नव्हतं. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरोधात बायकांचे लाटणे मोर्चे काढले. वसंतरावांच्या सरकारला शिव्याही खूप बसल्या.

या ठिकाणी त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्यांनी जे केलं, ते हायब्रीडपेक्षा मोठं होतं असं वाटतं. फुकट धान्य वाटायचं नाही, काम मागेल त्याला काम द्यायचं, मजुरी द्यायची. ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात ती आधी करून बघितली होती. दुष्काळात ती राज्यभर गेली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी. मे 1973 मध्ये जवळपास 50 लाख माणसं कामावर होती. बाया डोक्यावर पाटी घेऊन, तान्ही पोरं कडेच्या झोळीत. मजुरी थोडी होती, हप्ते थकायचे, मोजमापात लबाडी व्हायची. पण हातात रोख पैसा आला म्हणून व्यापारी बाहेरच्या राज्यांतून चोरून का होईना धान्य आणत होते, आणि माणूस ते विकत घेऊ शकत होता. जुन्या काळच्या दुष्काळांत गावंच्या गावं उठून मेली, तसं बहात्तरला झालं नाही. मराठवाड्यात कितीतरी तलावांना आजही लोक बहात्तरचा तलाव म्हणतात.

दुष्काळ सरला तोवर दुसरा फटका आला. ऑक्टोबर 1973 ला अरब देश आणि इस्रायलची लढाई लागली, काही महिन्यांत तेलाचे भाव चौपट झाले. तेलामागं खत महागलं. खतावर उभी राहिलेली हायब्रीड शेती तिथं अडकली. बियाणं जालन्यात तयार होत होतं, पण त्याला लागणारं खत अजून जहाजावरच होतं. वसंतरावांच्या सगळ्या धडपडीतला हा कच्चा दुवा म्हणायचा, आणि तो त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हता. 2022 ला युक्रेनची लढाई लागली तेव्हा आपल्याकडं गोडेतेलाचे भाव भडकले आणि खतासाठी दुकानापुढं रांगा लागल्या, तोही तसाच मामला. पोटॅश तर आजही देशात सगळं बाहेरूनच येतं. खरिपात आपल्या जिल्ह्यात ज्वारी आता शोधावी लागते, सगळीकडं सोयाबीन. आणि सोयाबीन उदंड पिकवूनही देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून आणावं लागतं. 2020 च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडले, तेव्हा ज्याच्या कणगीत ज्वारी, तूर आणि परड्यात भाजीपाला होता त्याचं घर निवांत होतं.

20 फेब्रुवारी 1975 ला वसंतरावांनी मुख्यमंत्रिपद सोडलं आणि मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण त्या जागी आले. 1977 ला काँग्रेसची देशभर धूळधाण झाली, तरी वसंतराव वाशिममधून खासदार म्हणून निवडून आले. त्यांचे पुतणे सुधाकरराव पुढं मुख्यमंत्री झाले आणि 1992 ला त्यांनी जलसंधारण हे वेगळं खातं काढलं. बहात्तरनं जो पाण्याचा धडा दिला होता, तो घरातल्याच माणसानं पुढं नेला.

रोजगार हमीचा कायदा विधिमंडळात 1977 ला झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. त्याच साली 18 ऑगस्टला सिंगापूरमध्ये वसंतराव वारले. दिल्लीनं तसा कायदा देशासाठी केला 2005 ला, आणि गावातल्या माणसाच्या हातात जे जॉबकार्ड आलं ते त्या कायद्यामुळं.