विश्लेषण : परग्रह कसे शोधायचे हे १९५२ मध्येच सांगणारे ओटो स्ट्रुव्ह कोण होते? त्यांच्याकडे ४३ वर्षे दुर्लक्ष का झाले?

सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह १९९५ मध्ये सापडला. तो शोधणारे मिशेल मेयर आणि दिदिए केलॉ यांना २०१९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पण ज्या पद्धतीने हा ग्रह सापडला, ती आकड्यांसह एका शास्त्रज्ञाने १९५२ मध्येच छापली होती. लेख जेमतेम दोन पानांचा होता. लेखकाचे नाव ओटो स्ट्रुव्ह. खगोलशास्त्रात मोठा दबदबा असलेला हा माणूस तिशीच्या आत युद्धातून, उपासमारीतून आणि निर्वासितांच्या छावणीतून गेला होता. त्याचे आयुष्य आणि त्याची ती दोन पाने यांविषयी...

स्ट्रुव्ह घराणे कशासाठी प्रसिद्ध होते?

ओटो यांचा जन्म १२ ऑगस्ट १८९७ रोजी खारकिव्ह येथे झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. घरात तीन पिढ्या खगोलशास्त्र होते. पणजोबा फ्रीडरिश गेओर्ग विल्हेल्म स्ट्रुव्ह यांनी सेंट पीटर्सबर्गजवळची पुल्कोवो वेधशाळा उभारली. पृथ्वीचा आकार आणि आकारमान ठरवण्यासाठी त्यांनी नॉर्वेपासून काळ्या समुद्रापर्यंत केलेली मोजणी आज 'युनेस्को'च्या जागतिक वारसा यादीत आहे. आजोबा ओटो विल्हेल्म त्याच वेधशाळेचे संचालक होते. वडील लुडविग खारकिव्हच्या वेधशाळेचे प्रमुख, तर काका हेर्मान बर्लिनच्या वेधशाळेचे. मुलगा आकाशाकडे वळणार हे जवळजवळ ठरलेलेच होते.

मग छावणीत जाण्याची वेळ का आली?

पहिल्या महायुद्धामुळे. १९१६ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून ओटो तोफखान्यात दाखल झाले आणि तुर्की आघाडीवर गेले. १९१८ मध्ये रशिया युद्धातून बाहेर पडल्यावर ते घरी परतले आणि पदवी पूर्ण केली. पण तोवर देशात यादवी सुरू झाली होती. बोल्शेव्हिकांविरुद्ध लढणाऱ्या 'श्वेत' सैन्यात ते गेले. लढाईत जखमी झाले. १९२० च्या अखेरीस हे सैन्य हरले आणि हजारो सैनिकांसह ओटो यांना क्रायमियातून जहाजाने तुर्कस्तान गाठावे लागले.

त्याच काळात घर उद्ध्वस्त झाले. एक भाऊ क्षयाने गेला, एक बहीण बुडून मरण पावली, वडिलांचे क्रायमियातच निधन झाले. वयाच्या २३ व्या वर्षी ओटो इस्तंबूलमध्ये (तेव्हाचे कॉन्स्टँटिनोपल) मिळेल ते काम करत, मदत संस्थांकडून मिळेल ते खात दिवस काढत होते.

एका पत्राने आयुष्य कसे बदलले?

ओटो यांनी मदतीसाठी बर्लिनच्या काकांना पत्र लिहिले. पण काका वारले होते. पत्र काकूंच्या हाती पडले. त्यांनी ते काकांच्या जागी आलेले संचालक पाउल गुथनिक यांच्याकडे नेले. गुथनिक यांनी अमेरिकेतील यर्किस वेधशाळेचे संचालक एडविन फ्रॉस्ट यांना लिहिले, की स्ट्रुव्ह घराण्यातील एक तरुण अडचणीत आहे.

फ्रॉस्ट यांची स्वतःची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यांनी न पाहिलेल्या या तरुणाला नोकरी देऊ केली, व्हिसा आणि प्रवासखर्चासाठी खटपट केली. काम होते ताऱ्यांच्या वर्णपटाचे आणि ओटो यांना त्याचा अनुभव नव्हता. भरवसा होता तो फक्त आडनावाचा. ऑक्टोबर १९२१ मध्ये ओटो न्यूयॉर्कला उतरले आणि तेथून विस्कॉन्सिन राज्यातील यर्किसला पोहोचले. दोनच वर्षांत, १९२३ मध्ये, त्यांनी शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९२७ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

त्यांनी ताऱ्यांमध्ये नेमके काय शोधले?

ताऱ्याचा प्रकाश प्रिझममधून गेल्यासारखा पसरवला, की रंगांच्या पट्ट्यावर काळ्या रेषा दिसतात. तारा स्वतःभोवती फिरत असेल, तर त्याची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते. त्यामुळे रेषा दोन्ही बाजूंना पसरते. तारा जितका वेगाने फिरेल, तितकी रेषा रुंद. रशियन खगोलशास्त्रज्ञ ग्रिगोरी शाइन यांच्यासह स्ट्रुव्ह यांनी १९२९ मध्ये याच आधारे ताऱ्यांचे परिवलन मोजता येते हे मांडले.

पुढच्या निरीक्षणांतून एक विचित्र गोष्ट दिसली. मोठे, तप्त तारे सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने गरगर फिरतात. सूर्यासारखे थंड तारे मात्र संथ असतात. सूर्याच्या विषुववृत्ताचा वेग सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर आहे. आणि हा बदल हळूहळू होत नाही, ताऱ्यांच्या क्रमात एका ठरावीक टप्प्यानंतर वेग एकदम घसरतो.

हा वेग गेला कुठे? इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात शिकलेला नियम इथे लागू होतो : कोनीय संवेग नाहीसा होत नाही, तो फक्त दुसरीकडे जातो. आपल्या सूर्यमालेत जवळजवळ सगळे वस्तुमान सूर्यात आहे, पण कोनीय संवेगाचा बहुतांश वाटा ग्रहांकडे आहे. मग संथ ताऱ्यांनीही आपला संवेग ग्रहांना दिला असेल, असा तर्क स्ट्रुव्ह यांनी केला. तसे असेल तर आकाशातील असंख्य ताऱ्यांभोवती ग्रह असले पाहिजेत.

त्या काळात हे धाडसाचे विधान होते. दोन तारे एकमेकांच्या अगदी जवळून गेल्याने ग्रह तयार होतात, अशी समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रचलित होती. अशी जवळीक अतिदुर्मीळ, म्हणजे ग्रहही दुर्मीळ.

आजच्या ज्ञानानुसार स्ट्रुव्ह यांचे कारण पूर्ण बरोबर नव्हते. सूर्यासारखे तारे मंदावतात ते प्रामुख्याने त्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे आणि त्यातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या वाऱ्यामुळे. पण निष्कर्ष खरा ठरला : ग्रह सर्वत्र आहेत.

चंद्रशेखर यांच्याशी त्यांचा काय संबंध?

१९३२ मध्ये ३५ व्या वर्षी स्ट्रुव्ह यर्किसचे संचालक झाले. वेधशाळेची ४० इंची दुर्बीण १८९७ सालची, म्हणजे त्यांच्याच वयाची होती. नवी घ्यायला पैसे नव्हते. तिकडे टेक्सासमधील बँकर विल्यम मॅकडोनाल्ड यांनी मृत्युपत्रात वेधशाळेसाठी टेक्सास विद्यापीठाला मोठी रक्कम ठेवली होती, पण त्या विद्यापीठाकडे खगोलशास्त्रज्ञ नव्हते. एकाकडे पैसा, दुसऱ्याकडे माणसे. दोन विद्यापीठांमध्ये करार झाला आणि १९३९ मध्ये टेक्सासच्या डोंगरावर ८२ इंची दुर्बीण सुरू झाली. ती तेव्हा जगातील दुसऱ्या क्रमांकाची मोठी दुर्बीण होती.

माणसे निवडताना स्ट्रुव्ह यांनी देश पाहिला नाही. नेदरलँड्सचे जेरार्ड कायपर, डेन्मार्कचे बेंग्ट स्ट्रॉमग्रेन आणि आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना त्यांनी यर्किसला आणले. चंद्रशेखर १९३७ च्या सुरुवातीला तेथे रुजू झाले, तेव्हा ते २६ वर्षांचे होते. केंब्रिजमध्ये आर्थर एडिंग्टन यांनी त्यांच्या सिद्धांताची जाहीर खिल्ली उडवून फार दिवस झाले नव्हते.

शिकागोत वर्णभेद होताच. चंद्रशेखर यांनी विद्यापीठाच्या मुख्य आवारात शिकवण्यास एका डीनने त्यांच्या रंगावरून आक्षेप घेतला. विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी तो मोडून काढला. चंद्रशेखर पुढे अखेरपर्यंत शिकागो विद्यापीठातच राहिले. १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

स्ट्रुव्ह स्वतः कडक शिस्तीचे होते. रात्री दुर्बिणीवर, दिवसा कार्यालयात, असा त्यांचा क्रम होता आणि इतरांकडूनही तीच अपेक्षा. त्यामुळे सहकाऱ्यांशी खटके उडाले. १९४७ मध्ये त्यांनी संचालकपद सोडले आणि १९५० मध्ये ते कॅलिफोर्नियातील बर्कलीला गेले.

१९५२ च्या लेखात काय होते?

ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा ताराही थोडासा डुलतो. फलाटावर न थांबता गाडी जाते, तेव्हा जवळ येताना तिचा भोंगा चिरका आणि दूर जाताना जाड ऐकू येतो. प्रकाशाचेही तसेच होते. डुलणाऱ्या ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा पुढे-मागे सरकतात.

गुरूसारखा ग्रह सूर्याला १२ वर्षांत एक फेरी मारतो आणि सूर्याला सेकंदाला फक्त साडेबारा मीटर हलवतो. तेव्हाच्या उपकरणांनी हे मोजणे अशक्य होते. स्ट्रुव्ह यांचा प्रश्न वेगळा होता : मोठे ग्रह ताऱ्यापासून लांबच असले पाहिजेत, असे कुणी सांगितले? काही जोडतारे एकमेकांच्या अगदी जवळून फिरतात, मग ग्रह का नाही? गुरूएवढा ग्रह पृथ्वी-सूर्य अंतराच्या पन्नासाव्या भागावर असेल, तर तो सुमारे एका दिवसात फेरी पूर्ण करेल आणि ताऱ्याला सेकंदाला २०० मीटर हलवेल. ग्रह दहापट जड असेल तर दोन किलोमीटर, आणि एवढा वेग तेव्हाच्या उपकरणांच्या आवाक्यात होता.

त्यांनी दुसरी पद्धतही सुचवली. असा ग्रह ताऱ्यासमोरून गेला, तर ताऱ्याचा प्रकाश सुमारे दोन टक्क्यांनी मंदावेल आणि ते मोजता येईल.

मग कुणी शोधले का नाही?

पहिले कारण तांत्रिक. गुरूएवढ्या ग्रहाने होणारी २०० मीटरची हालचाल पकडण्याइतकी अचूकता तेव्हा नव्हती. दुसरे कारण मानसिक. आपल्या सूर्यमालेत मोठे ग्रह लांब आहेत, म्हणून सगळीकडे तसेच असणार, हे गृहीत धरले गेले. १९८० च्या दशकात एका कॅनेडियन गटाने २१ ताऱ्यांवर सुमारे १२ वर्षे लक्ष ठेवले. त्यांची अचूकता पुरेशी होती, पण त्यांच्या मोजक्या ताऱ्यांत असा जवळचा ग्रह नव्हता.

१९९५ मध्ये मेयर आणि केलॉ यांना ५१ पेगासी या ताऱ्याभोवती ४.२ दिवसांत फेरी मारणारा महाकाय ग्रह सापडला. १९९९ मध्ये दुसऱ्या एका ताऱ्याचा प्रकाश ग्रहामुळे दीड टक्क्याच्या आसपास मंदावलेला दिसला. स्ट्रुव्ह यांच्या दोन्ही पद्धती चालल्या. पण हे पाहायला ते नव्हते.

परग्रहावरील जीवसृष्टीबद्दल त्यांचे काय मत होते?

एवढे ग्रह असतील, तर कुठे ना कुठे बुद्धिमान जीव असणारच, असे ते उघडपणे सांगत. १९५९ मध्ये ते वेस्ट व्हर्जिनियातील ग्रीन बँक येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेचे पहिले संचालक झाले. तेथील तरुण शास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांना परग्रहावरून येणारे रेडिओ संकेत ऐकायचे होते. बहुतेकांनी हे हसण्यावारी नेले असते. स्ट्रुव्ह यांनी पाठबळ दिले. एप्रिल १९६० मध्ये 'प्रोजेक्ट ओझ्मा' सुरू झाला. टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या सूर्यासारख्या दोन ताऱ्यांकडे २६ मीटरची दुर्बीण रोखली गेली. संकेत मिळाला नाही, पण असा शोध घेता येतो हे मान्य झाले.

नोव्हेंबर १९६१ मध्ये ग्रीन बँकला मोजक्या शास्त्रज्ञांची बैठक झाली. प्रसिद्ध 'ड्रेक समीकरण' तेथेच मांडले गेले. उपस्थितांमध्ये सु-शू हुआंग होते. बर्कलीत स्ट्रुव्ह यांच्याबरोबर काम केलेल्या हुआंग यांनी ताऱ्याभोवतीच्या जीवनयोग्य पट्ट्याची, म्हणजे फार गरम नाही आणि फार थंडही नाही अशा भागाची, संकल्पना रुजवली. 'राहण्यायोग्य ग्रह सापडला' अशा बातम्या आज ज्या पट्ट्याच्या आधारे येतात, तो हाच.

शेवट कसा झाला?

ग्रीन बँकची नवी मोठी दुर्बीण सतत रखडत गेली. प्रकृतीही साथ देत नव्हती. १९६२ मध्ये स्ट्रुव्ह यांनी पद सोडले आणि ६ एप्रिल १९६३ रोजी बर्कलीत त्यांचे निधन झाले. वय ६५. ती दुर्बीण १९६५ मध्ये पूर्ण झाली. त्यांना मूल नव्हते. चार पिढ्यांचे खगोलशास्त्रज्ञ घराणे त्यांच्याबरोबर संपले.

मागे राहिले ९०० हून अधिक लेख. त्यातील बरेच सामान्य वाचकांसाठी होते. टेक्सासची ८२ इंची दुर्बीण आता त्यांच्या नावाने ओळखली जाते. आजवर पाच हजारांहून अधिक बाह्यग्रहांची खात्री झाली आहे. त्यातील बहुतेक त्या दोनच पद्धतींनी सापडले. अबूच्या डोंगरावरील भारताच्या 'पारस' उपकरणानेही २०१८ मध्ये ताऱ्याचे डुलणे मोजून सुमारे ६०० प्रकाशवर्षे दूरच्या एका ग्रहाचे वस्तुमान ठरवले. जीवसृष्टी मात्र अजून कुठेही सापडलेली नाही. ओझ्माने सुरू केलेला शोध चालूच आहे.