जोडेघाटचे कुमरम भीम

गडचांदूरजवळ माणिकगडाचे डोंगर आहेत. ते ओलांडले की तेलंगणातील आसिफाबादचे जंगल लागते. १९४८ पूर्वी हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. याच जंगलातील संकेपल्ली गावी, १९०० च्या सुमारास, एका गोंड कुटुंबात कुमरम भीम यांचा जन्म झाला.

गोंड शेतकरी जंगलाचा तुकडा साफ करी, त्यावर ज्वारी पिकवी. जमिनीचा कस कमी झाला की तो पुढे सरके. जंगल अफाट होते. जमिनीचा कागद कोणी मागत नसे. पुढे सरकारने जंगले राखीव केली. बाहेरून सावकार आणि शेतकरी येऊ लागले. १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेठ रेल्वे पूर्ण झाल्यावर तर त्यांचा ओघ वाढला. ते कचेरीत जाऊन जमिनीचे पट्टे आपल्या नावावर करून घेत. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. ती भाषा त्या गोंडांना कोणी शिकवलीच नव्हती! अमेरिकेतही असेच घडले. १८६२ च्या कायद्याने पश्चिमेकडे जाणाऱ्यांना १६० एकर जमीन मिळू लागली. पण ती जमीन आधीपासून तेथील आदिवासींची होती.

वडिलांच्या मृत्यूनंतर भीम यांचे कुटुंब सुर्दापूरला आले. तेथे त्यांनी शेत तयार केले. पीक हाती येताच एक जमीनदार त्यावर हक्क सांगू लागला. भांडण विकोपाला गेले आणि भीम यांच्या हातून तो मारला गेला. ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून गाळता येत नाही. ते पळाले. पुढे आसामच्या चहाच्या मळ्यांत ते मजुरी करत होते, असे सांगतात.

परत आल्यावर जोडेघाट, बाबेझरी या भागात गोंडांनी पुन्हा जंगल साफ केले. जंगल खात्याने त्यांना हुसकावले, झोपड्या जाळल्या. भीम यांनी आधी सरकारकडे दाद मागितली. ती व्यर्थ गेली, तेव्हा लोक त्यांच्याभोवती एकवटले. १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात भीम आणि त्यांचे काही साथीदार मारले गेले.

त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला चौकशीसाठी पाठवले. त्यांच्या प्रयत्नांमुळे हजारो गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले. तेथील पहिली गोंडी पुस्तके देवनागरी लिपीत होती.