राष्ट्रसंघाचे अध्यक्ष : आगाखान

पुण्यात येरवड्याजवळ नगर रस्त्यावर आगाखान पॅलेस ही मोठी वास्तू आहे. तुमच्यापैकी काहींनी ती शाळेच्या सहलीत पाहिली असेल. इंग्रज सरकारने 1942 ते 1944 या काळात महात्मा गांधींना येथे कैदेत ठेवले होते. कस्तुरबा गांधी आणि महादेवभाई देसाई यांचा मृत्यू येथेच झाला. त्यांच्या समाध्या येथे आहेत. पुढे 1969 साली आगाखान घराण्याने हा पॅलेस भारताला भेट दिला. पण ज्यांनी तो बांधला, ते आगाखान कोण होते? भांडणाऱ्या देशांना एकत्र बसवून बोलायला लावणाऱ्या सभेचे ते अध्यक्ष होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

त्यांचे नाव सुलतान मुहम्मद शाह. त्यांचा जन्म 2 नोव्हेंबर 1877 रोजी कराचीत झाला. त्यांचे आजोबा इराणातून हिंदुस्थानात आले होते. 1885 साली वडील वारले, तेव्हा सुलतान मुहम्मद शाह आठ वर्षांचेही नव्हते. त्या वयात ते इस्माइली जमातीचे इमाम झाले. आईने त्यांच्या शिक्षणाकडे बारकाईने लक्ष दिले. अरबी, फारसी आणि इंग्रजी शिकवायला शिक्षक ठेवले. हिवाळ्यात मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणे, असे त्यांचे बालपण गेले. पुण्याचा पॅलेस 1892 सालचा. दुष्काळाने गांजलेल्या लोकांना काम मिळावे म्हणून हे बांधकाम काढले, असे सांगतात.

त्यांच्या तरुणपणी मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. डॉ. हाफकिन यांनी प्लेगवर लस तयार केली होती. पण लोक ती टोचून घ्यायला घाबरत होते. आगाखानांनी नुसता उपदेश केला नाही. त्यांनी चारचौघांसमोर स्वतः लस टोचून घेतली. ते पाहून लोकांची भीती कमी झाली. अलीगढचे कॉलेज विद्यापीठ व्हावे म्हणूनही त्यांनी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. घोड्यांचा त्यांना फार शौक होता. इंग्लंडची प्रसिद्ध डर्बी शर्यत त्यांच्या घोड्यांनी पाच वेळा जिंकली.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड कामाकडे वळू. पहिले महायुद्ध 1918 साली संपले. लाखो माणसे मेली होती. पुन्हा असे होऊ नये म्हणून 1920 साली राष्ट्रसंघ स्थापन झाला. त्याची कचेरी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात होती. भारतावर इंग्रजांचे राज्य असूनही भारत या संघाचा सभासद होता. 1932 पासून आगाखान भारताचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाला जाऊ लागले.

वैरी शेजारी मित्र होऊ शकतात, याचे उदाहरण त्या काळी सर्वांसमोर होते. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात 1919 ते 1922 असे युद्ध झाले होते. दोन्हीकडच्या लाखो लोकांना आपली घरे, शेते आणि पूर्वजांच्या कबरी सोडून जावे लागले. तरी 1930 साली या दोन देशांनी मैत्रीचा तह केला. दोन वर्षांनी तुर्कस्तान राष्ट्रसंघात आला. महायुद्धानंतर तुर्कस्तानला न्याय मिळावा म्हणून आगाखानांनी खूप खटपट केली होती.

सप्टेंबर 1937 मध्ये राष्ट्रसंघाच्या सभेने आगाखानांना अध्यक्ष निवडले. हा मान मिळवणारे ते पहिलेच भारतीय. पण तो काळ फार कठीण होता. जपानने जुलै महिन्यात शेजारच्या चीनवर मोठी चढाई केली होती. चीनच्या शहरांवर बाँब पडत होते. चीनने राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. आगाखान अध्यक्ष असतानाच सभेने या बाँबहल्ल्यांचा एकमताने निषेध केला. जपानने करार मोडला, असेही सभेने ठरवले.

पण मित्रांनो, युद्ध थांबले नाही. असे का झाले? जपान 1933 सालीच राष्ट्रसंघातून बाहेर पडण्याचे जाहीर करून बसला होता. अमेरिका संघात कधी आलीच नाही. संघाजवळ स्वतःची फौज नव्हती आणि मोठे देश चीनसाठी झळ सोसायला तयार नव्हते. मुंबईत लस टोचून घेणे आगाखानांच्या हाती होते. येथे मात्र दुसऱ्यांनी पुढे यायला हवे होते. कोणी पुढे आले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आगाखान जर्मनीत जाऊन हिटलरलाही भेटले. बोलणी चालू राहिली तर युद्ध टळेल, अशी त्यांना आशा होती. ती आशा खोटी ठरली. जर्मनीने 1939 साली शेजारच्या पोलंडवर हल्ला केला आणि दुसरे महायुद्ध पेटले.

1947 साली देशाची फाळणी झाली. आगाखानांचे जन्मगाव कराची पाकिस्तानात गेले आणि पुण्याचा पॅलेस भारतात राहिला. एकाच माणसाच्या आठवणी दोन देशांत वाटल्या गेल्या. 11 जुलै 1957 रोजी जिनिव्हाजवळ त्यांचे निधन झाले. इजिप्तमधील आस्वान येथे त्यांची कबर आहे.

मग त्यांची जिनिव्हातील मेहनत वाया गेली असे म्हणायचे का? नाही. राष्ट्रसंघ अपयशी ठरला, तरी जगाने बोलणी करण्याची जागा सोडून दिली नाही. 1945 साली संयुक्त राष्ट्रसंघ उभा राहिला. शेजारी देश आपल्याला निवडता येत नाही. नदी, डोंगर आणि हवा त्याच्याबरोबर वाटून घ्यावीच लागते. म्हणून त्याच्याशी बोलण्याचे दार उघडे ठेवावे लागते. पण नुसते बोलणे पुरत नाही. दिलेला शब्द पाळावा लागतो आणि दुबळ्या शेजाऱ्यावर अन्याय होत असेल, तर इतरांनी त्याच्या मदतीला धावावे लागते. 1937 साली जगाने पहिली गोष्ट केली, दुसरी केली नाही. त्याची किंमत करोडो माणसांनी मोजली.