काचेतला जीव आणि माणसाचे मोल

इ. स. १८९४ च्या जून महिन्यात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिऑन शहरात सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी नीला छेदली गेली होती. ती सांधण्याची विद्या त्या काळच्या शल्यवैद्यांपाशी नव्हती आणि अध्यक्षांचा अंत झाला. ही असहायता त्याच शहरातील एका तरुण वैद्याच्या मनाला डाचत राहिली. तो तरुण म्हणजे अ‍ॅलेक्सिस कॅरेल. त्यांनी भरतकाम करणाऱ्या एका स्त्रीकडून नाजूक सुईदोऱ्याचे कसब शिकून घेतले आणि १९०२ साली रक्तवाहिन्या जोडण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. अवयवरोपणाची शस्त्रक्रिया आजही त्या पायावर उभी आहे. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करीत असताना, १९१२ साली, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु शरीराबाहेर काढलेला अवयव जगवायचा कसा, हा प्रश्न उरलाच होता. एकट्याने अटलांटिक ओलांडणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग आपल्या मेहुणीच्या हृदयविकारामुळे या विषयाकडे ओढले गेले. दोघांच्या सहकार्यातून १९३५ साली काचेचा एक पंप सिद्ध झाला आणि मांजराची अवटु ग्रंथी त्यात अठरा दिवस जिवंत राहिली.

त्याच वर्षी कॅरेल यांचा मानवविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात घोर गुन्हेगारांना आणि काही मनोरुग्णांना विषारी वायूने संपवावे, असा विचार त्यांनी मांडला. एका ग्रंथीचा जीव जपणाऱ्या हाताने माणसांच्या जगण्याची प्रतवारी करावी, याहून मोठी विसंगती कोणती? १९४१ साली व्हिशी राजवटीने त्यांच्या हाती एक संस्था सोपविली. पॅरिस मुक्त झाल्यावर शत्रूशी सहकार्य केल्याचा ठपका डोक्यावर असतानाच नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले. लिऑनच्या वैद्यक विद्याशाखेला दिलेले त्यांचे नाव १९९६ साली काढण्यात आले.

त्या पंपाचे वंशज आज मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस आणि हृदय जपतात. ती महागडी यंत्रे विकत घेतात मोठी रुग्णालये आणि अवयव मिळवून देणाऱ्या संस्था. ज्यांना ती परवडत नाहीत, त्यांचा भरवसा संरक्षक द्राव आणि बर्फाची पेटी यांवरच असतो. बर्फातले हृदय जेमतेम चार ते सहा तास उपयोगी राहते.

येथेच कॅरेल यांचे चरित्र आपल्याला सावध करते. मृताचे नातेवाईक अवयव देतात ते दान म्हणून. त्याची विक्री आपल्या देशात १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु तो टिकविणाऱ्या यंत्राला किंमत असते. ती किंमत मोजू शकणाऱ्याचाच त्या दानावर पहिला हक्क, असे होऊ लागले, तर माणसांची प्रतवारी वेगळ्या वाटेने पुन्हा आत येईल. म्हणून अशी यंत्रे सार्वजनिक पैशातून सार्वजनिक रुग्णालयांतही आली पाहिजेत आणि प्रतीक्षायादीचा क्रम वैद्यकीय निकषांवरच ठरला पाहिजे. अवयव किती तास टिकावा, हे यंत्राने ठरवावे. तो कोणाला मिळावा, हे मात्र पैशाने कदापि ठरवू नये.