विखुरलेल्या कळपाचे मेंढपाळ : संत जोसेफ वाझ



आज आगमनकाळाचा पहिला रविवार. आजपासून ख्रिस्तसभेचे नवे उपासना वर्ष सुरू होत आहे. वेदीवर जांभळे वस्त्र आले, पहिली मेणबत्ती पेटली. नोकरी, शेती, आजारपण, कधी मनातला रुसवा, अशा कारणांनी ज्यांना काही महिने मिस्साला येता आले नाही, त्यांतले अनेक जण आज पुन्हा आले असतील. त्या सर्वांचे मनापासून स्वागत! या निमित्ताने अशा एका धर्मगुरूंची ओळख करून घेऊ, ज्यांनी लोक देवळात परत येण्याची वाट पाहिली नाही. ते स्वतःच त्यांच्या दारी गेले.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे, आईच्या गावी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि गरिबांसारखे जगावे म्हणून ते अनवाणी चालू लागले. काही वर्षे त्यांनी कानडा प्रांतात सेवा केली. १६८५ साली जुन्या गोव्यातील एतद्देशीय धर्मगुरूंच्या ऑरेटरी संघात ते दाखल झाले. पण त्यांचे मन गुंतले होते समुद्रापलीकडे, सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत.

तिथे काय घडले होते? १६५८ साली डचांनी पोर्तुगीजांकडून जाफना घेतले. डच हे कॅल्विनपंथी. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिले, आणि धर्मगुरूला घरात लपवणाऱ्याला देहदंडाची शिक्षा जाहीर केली. मुलांचा बाप्तिस्मा आणि लग्ने डचांच्या चर्चमध्ये होऊ लागली. पुढची जवळजवळ तीस वर्षे इथल्या कॅथलिक लोकांना ना मिस्सा, ना पापनिवेदन, ना आजाऱ्याला तैलाभ्यंग. ज्यांनी तरुणपणी शेवटची मिस्सा ऐकली होती ते म्हातारे झाले. त्यांच्या मुलांनी तर धर्मगुरू पाहिलाच नव्हता. आपण चार आठवडे नाताळची वाट पाहतो. त्यांनी एवढी वर्षे पाहिली.

१६८७ साली फादर जोसेफ मजुराच्या वेशात, जॉन नावाच्या सेवकाला घेऊन, तुतिकोरिनहून जहाजाने सिलोनला निघाले. प्रवासात उपासमार झाली. जाफन्यात ते पोहोचले तेच हगवणीने मरणासन्न होऊन. बरे झाल्यावर प्रश्न पडला, आपली माणसे ओळखायची कशी? विचारायची सोय नव्हती; विचारणारा पकडला गेला असता. म्हणून त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भिक्षा मागू लागले. जपमाळेकडे पाहून ज्याच्या चेहऱ्यावर काही हलले, तो आपला! अशा एका घरातून दुसऱ्या घराचा पत्ता लागत गेला. एका धैर्यवान कॅथलिक माणसाने त्यांना आसरा दिला. मग रात्री दारे बंद करून मिस्सा होऊ लागल्या. सिल्लालै गावात तर बहुतेक सारेच कॅथलिक होते. तिथे त्यांनी पहिल्यापासून धर्मशिक्षण सुरू केले.

१६८९ च्या नाताळच्या आदल्या रात्री जाफन्यात लोक गुपचूप मिस्सासाठी जमले असता डच सैनिकांनी धाड घातली. फादर निसटले, पण अनेकांना अटक झाली. काहींना फटके मारले. डॉन पेद्रो नावाचे गृहस्थ त्यातच मरण पावले. फादर जोसेफ यांच्या चरित्रात लोक पावसाच्या चमत्काराचे अधिक कौतुक करतात. मला मात्र त्या रात्री जमलेल्या माणसांचे कौतुक जास्त वाटते. शिक्षा माहीत असूनही ते आले होते.

त्यानंतर फादर पुत्तलमला व तेथून १६९२ साली कँडी या सिंहली राज्यात गेले. तिथे पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैदेत टाकले. कैदेतच ते सिंहली शिकले, तिथेच झोपडीवजा देऊळ उभे केले. कालांतराने राजाने त्यांना मोकळीक दिली. ते खेडोपाडी फिरले. आपल्यामागे प्रार्थना चालू राहाव्यात म्हणून ठिकठिकाणी मुप्पू व अन्नावी हे प्रापंचिक पुढारी नेमले. धर्मगुरू येईपर्यंत बाप्तिस्मा देणे, प्रार्थना घेणे, लोकांना एकत्र ठेवणे ही कामे तेच पाहत. १६९७ साली गोव्याहून फादर जोसेफ कार्व्हाल्यो व फादर जोसेफ मिनेझिस मदतीला आले. त्याच साली कँडीत देवीची साथ आली. राजासह अनेकांनी शहर सोडले, रुग्णांना नातेवाईकांनी टाकून दिले. फादर जोसेफ आणि त्यांचे भाचे फादर कार्व्हाल्यो मात्र त्यांची सेवा करत राहिले. कॅथलिक कोण, बौद्ध कोण, हे त्यांनी पाहिले नाही.

१७१० च्या दौऱ्यानंतर त्यांची प्रकृती ढासळली. कँडीत ते आठ दिवसांच्या आध्यात्मिक साधनेस बसले, पण ती पूर्ण होण्याआधीच, १६ जानेवारी १७११ रोजी त्यांनी देह ठेवला. वय ५९. गोव्याला ते परत गेलेच नाहीत.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले, आणि त्याच शहरात १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. त्यांचा सण १६ जानेवारीला येतो. गोव्याला जाणाऱ्यांनी सांकवाळचे त्यांचे तीर्थस्थान जरूर पाहावे.