खाडीपलीकडची लेक : डॉ. आनंदीबाई जोशी

आपल्या भिवंडीहून कल्याण काही लांब नाही. कोनगाव मागं टाकलं आणि खाडीवरचा दुर्गाडीचा पूल ओलांडला की आलंच कल्याण. आपल्यातले कितीतरी जण रोज त्या वाटेनं कामाला जातात, लोकल पकडतात. त्याच कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी एक मुलगी जन्मली. तिनं पुढं सातासमुद्रापार जाऊन डॉक्टरकीची पदवी घेतली. आपल्या मुलामुलींना आनंदीबाई जोशी हे नाव शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतं. पण ती बाई आपल्या अगदी शेजारची होती, आणि त्या पदवीसाठी तिला काय मोजावं लागलं, हे फार कुणी सांगत नाही. म्हणून हा छोटासा प्रयत्न.

तिचं माहेरचं नाव यमुना. घराणं कल्याणचं, एकेकाळी जमीनजुमला बाळगून असलेलं, पण उतरती कळा लागलेलं. नऊ वर्षांची असताना तिचं लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी लावलं. ते पोस्टात कारकून होते, बिजवर होते, आणि वयानं तिच्यापेक्षा खूपच मोठे होते. सासरी तिचं नाव आनंदी ठेवलं.

बायकोला शिकवायचंच, असा गोपाळरावांचा हट्ट होता. त्या काळी नवऱ्यासमोर बसून पुस्तक वाचणारी बाई म्हणजे गावाच्या चेष्टेचा विषय. तरी त्यांनी शिकवलं. पण कसं शिकवलं, हेही सांगितलं पाहिजे. अभ्यास सोडून ती चुलीपाशी रमली तर मार बसे. पुढं अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी हे सगळं स्पष्ट नोंदवून ठेवलं आहे. दहा वर्षांची असताना लाकडानं मारलेलं, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची दिलेली धमकी, यातलं काही त्या विसरल्या नव्हत्या. गोपाळरावांमुळे शिक्षण मिळालं हे खरं, आणि त्यांनी मारलं हेही तितकंच खरं. एक सांगून दुसरं झाकणं बरोबर नाही.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. वेळेवर योग्य औषधोपचार मिळाला असता तर बाळ वाचलं असतं, ही खंत त्यांच्या मनात घर करून बसली. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नसत. दुखणं अंगावर काढायचं, नाहीतर मरायचं. बायकांसाठी बाईच डॉक्टर हवी, आणि ती आपण व्हायचं, असं त्यांनी ठरवलं.

इथं आपल्याला आणखी एका मुलीची आठवण ठेवली पाहिजे. आनंदीबाईंच्या जन्माच्या दहा वर्षं आधी, १८५५ साली, जोतिराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिनं एक निबंध लिहिला. तो ज्ञानोदय या पत्रात छापून आला. त्यात तिनं मांग-महार बायकांच्या बाळंतपणाचे हाल मांडले होते. डोक्यावर छप्पर नाही, थंडीवाऱ्यात उघड्यावर बाई बाळंत होते, हे तिनं जगापुढं आणलं. म्हणजे कल्याणच्या वाड्यातली आनंदी असो की गावकुसाबाहेरची आपली पणजी, बाळंतपणात दोघींचाही जीव टांगणीला लागलेला असे. फरक एवढाच, की एकीला पुस्तकापर्यंत पोचायची वाट निदान सापडली. दुसरीला ती वाट दाखवायला फुल्यांसारखी माणसं फारच थोडी होती.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, आणि मग थेट बंगाल. अमेरिकेत शिकण्याची सोय व्हावी म्हणून त्यांनी तिथल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. ते एका मासिकात छापलं गेलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांच्या हाती ते मासिक पडलं, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या असताना. त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवलं आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. न पाहिलेल्या त्या बाईला आनंदीबाई मावशी म्हणू लागल्या.

बाईमाणूस एकटी परदेशी निघाली म्हटल्यावर गहजब झाला. मग २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केलं. लोक विचारत होते ते प्रश्न एकेक घेऊन त्यांनी उत्तरं दिली. अमेरिकाच कशाला, इथं शिकता येत नाही का, एकटीच का जातेस, जातीबाहेर टाकलं तर काय करशील. तेव्हा त्यांचं वय अठराही पूर्ण नव्हतं. हे भाषण वर्तमानपत्रांतून गाजलं आणि ठिकठिकाणांहून मदत आली. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. पुढं तीस वर्षांनी, १९१३ साली, बाबासाहेब शिकायला त्याच न्यूयॉर्कला गेले. योगायोग बघा, आनंदीबाई आगबोटीत बसल्या त्याच १८८३ साली मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेजही मुलींसाठी खुलं झालं.

फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं मेडिकल कॉलेज १८५० साली सुरू झालेलं. डीन रॅचेल बॉडली यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही मिळवून दिली. अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. शरीरशास्त्र, रसायन, औषधं, शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र, सगळं इंग्रजीतून. शाळेचं पद्धतशीर शिक्षण नाही, इंग्रजी घरी बसून शिकलेलं, आणि समोर असा डोंगर. मुडद्याची चिरफाड करून शिकायचं. जन्माची बाळंतिणीची आणि मेल्याची विटाळशिवण पाळणाऱ्या घरातली ही मुलगी. पण तिनं हात मागं घेतला नाही.

इथं थोडं थांबून विचार करावासा वाटतो. बाळाची नाळ कापणं, रक्ताची घाण काढणं, मेलेलं ओढणं ही कामं गावगाड्यानं कुणाच्या माथी मारली होती? बहुतेक ठिकाणी बाळंतपण सुईणीनं करायचं, आणि काम झालं की तिलाच विटाळाची म्हणून दूर उभं करायचं. तिच्या हातातली विद्या कुणी विद्या मानली नाही. तीच गोष्ट कॉलेजात शिकली की शास्त्र होते, त्याची पदवी मिळते. आनंदीबाईंनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तो प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर, जुन्या संस्कृत ग्रंथांच्या आधारानं. त्या स्वतः धर्माभिमानी होत्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असा त्यांचा शब्द होता आणि तो त्यांनी पाळला. त्यांचे विचार सगळेच्या सगळे आपल्याला पटतील असं नाही. पण त्यांच्या चिकाटीपुढं आपण मान लववली पाहिजे.

त्या चिकाटीची किंमत शरीरानं मोजली. देशातून निघतानाच त्यांची तब्येत बरी नव्हती. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा चालूच होता. फिलाडेल्फियाची थंडी हाडं गोठवणारी, त्यात लुगड्याचा वेष आणि शाकाहारी जेवण सांभाळायचं. अभ्यास मात्र एक दिवस सुटला नाही असाच चालला. त्यातच क्षयानं गाठलं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये, म्हणजे त्या निघण्याच्या वर्षभर आधीच शोधून काढला होता. पण त्याला मारणारं औषध सापडायला अजून साठ वर्षं जायची होती.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. पंडिता रमाबाई त्या समारंभाला मुद्दाम विलायतेहून आल्या होत्या. गोपाळरावही तोवर तिथं पोचले होते. कोल्हापूर संस्थानानं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. आजचं कोल्हापूरचं सी.पी.आर. रुग्णालय ते हेच. राजर्षी शाहू महाराज तेव्हा लहान होते, कारभार दिवाणांच्या हाती होता.

१८८६ च्या अखेरीस आनंदीबाई मायदेशी परतल्या त्या आजारी होऊनच. कोल्हापूरच्या त्या खुर्चीवर त्या कधी बसू शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी डोळे मिटले. वयाची बावीस वर्षं पुरी व्हायला महिनाभर कमी होता. पदवी मिळून वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवण्यात आली आणि त्यांनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

बंधू-भगिनींनो, आज आपल्या वस्तीत चित्र बदललं आहे. मागाच्या खडखडाटात, एका खोलीत पाच माणसं निजलेली असताना कोपऱ्यात दिवा लावून बारावी सायन्सचा अभ्यास करणाऱ्या मुली आहेत. कुणी एम.बी.बी.एस.चं स्वप्न बघते, कुणी नर्सिंगचं, कुणी आयुर्वेदाचं. एम.बी.बी.एस. म्हणजे साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर.एक वर्षाची इंटर्नशिप. प्रवेश परीक्षेची तयारी वेगळीच. आपण आईबाप फीची काळजी करतो, मार्कांची करतो. पोरगी वेळेवर जेवली का, झोपली का, तिचा खोकला पंधरा दिवस झाले तरी का जात नाही, याची काळजी तितकी करतो का?

आनंदीबाईंना शिकवणारे भेटले, पैसे देणारे भेटले, टाळ्या वाजवणारे तर खूप भेटले. पण तिची तब्येत आधी, अभ्यास मागून, असं म्हणणारं माणूस वेळेवर मिळालं नाही. आज क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, आणि ते पूर्ण घेतलं तर रोग बरा होतो. जे त्यांच्या नशिबात नव्हतं ते आपल्या हातात आहे. तेव्हा आपल्या लेकीला शिकवा, जरूर शिकवा. पण धाकानं नको, मारून नको, आणि उपाशी ठेवून तर मुळीच नको. तिनं डॉक्टर व्हावं आणि म्हातारी होईपर्यंत आपल्या माणसांची सेवा करावी.

खाडीपलीकडच्या या लेकीला हीच खरी आदरांजली ठरेल. डॉ. आनंदीबाईंच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.