रेव्हरंड टिळक : पुनरुत्थानाची श्रद्धा आणि कवीचे जीवन

नारायण वामन टिळक यांच्या धर्मांतराची चर्चा मराठीत बहुधा त्यांच्या नीतिनिष्ठेच्या अंगाने होते. येशूच्या गिरिप्रवचनाने ते भारावले आणि ख्रिस्ती झाले, असे सांगितले जाते. हे खरे असले तरी अपुरे आहे. नीतीचा उपदेशक काळाच्या पडद्याआड गेला तरी त्याचा उपदेश उरतो. त्याच्याविषयी आदर बाळगता येतो, पण त्याच्याशी संवाद करता येत नाही. टिळकांची भजने मात्र संवाद करतात, आणि तो जणू समोर उभ्या असलेल्या ख्रिस्ताशी. आदराकडून भक्तीकडे झालेला हा प्रवास पुनरुत्थानाच्या श्रद्धेवाचून उलगडत नाही.

टिळकांचा जन्म 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. काव्याची आवड त्यांना आई जानकीबाईंकडून लाभली. ती बालपणीच गेली आणि त्यानंतर लवकरच त्यांचे घरही सुटले. नाशिक, नागपूर, राजनांदगाव अशा भ्रमंतीत त्यांचे तारुण्य गेले. त्यांच्या ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेत घायाळ पक्षिणी पिलांच्या ओढीने घरटे गाठू पाहते आणि प्राण सोडते. त्या कवितेला सांत्वन नाही. तेथे मृत्यू हाच शेवट आहे. आत्मचरित्राचा धागा कवितेत शोधण्याचा मोह टाळूनही एवढे म्हणता येईल, की आईवाचून उरलेल्या जगाची जाणीव या कवीला खोलवर होती. पुढे त्यांच्या भजनांत ख्रिस्त माउलीच्या रूपात येतो, तेव्हा ते केवळ संतकाव्यातून उचललेले रूपक वाटत नाही.

1893 च्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्तांच्या दृष्टीने ते जिवंतपणीच गेल्यासारखे झाले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. पुढे त्या परतल्या आणि 1900 मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. जे गमावले ते परत मिळाले, पण पूर्वीच्याच रूपात नव्हे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. पुनर्जन्मात आत्मा जुने शरीर टाकून नवे धारण करतो आणि मागील नाती सहसा विस्मृत होतात. शुभवर्तमानांतील येशू मात्र तोच म्हणून परततो. त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा असतात. कबरीपाशी रडणाऱ्या मग्दालिया मरियेला तो नावाने हाक मारतो आणि त्या हाकेनेच ती त्याला ओळखते. जखमा पुसल्या जात नाहीत, पण त्यांची सत्ता संपते. या श्रद्धेतील आनंद दुःख विसरण्याचा नसून दुःखापलीकडे नाते टिकल्याचा आहे.

टिळकांच्या वाङ्मयीन कार्यातही हेच सूत्र दिसते. धर्मांतराने त्यांची पूर्वपरंपरा गाडली जावी, ही स्वकीयांची भीती होती. काही परकीयांची कदाचित अपेक्षाही असावी. टिळकांनी दोन्ही खोटी ठरविली. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन ही मराठी भक्तीची साधने त्यांच्या हातून ख्रिस्ती उपासनेत नव्याने उभी राहिली. मराठी ख्रिस्ती उपासनागीतांवर आजही त्यांचा ठसा आहे.

1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना तेथे स्थान होते. 1918 च्या मे महिन्यात, त्यांच्या घरी पुत्रवत राहिलेले बालकवी ठोंबरे रेल्वेखाली सापडून अकाली गेले. वर्षभरातच, 9 मे 1919 रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाला अग्नी देण्यात आला. दफनाची रूढी दृढ असलेल्या तत्कालीन ख्रिस्ती समाजात ही इच्छा साधी नव्हती. पुनरुत्थानाची आशा मातीत जपलेल्या अस्थींवर अवलंबून नाही, असा या कृतीचा अन्वयार्थ लावता येतो. विश्वास ख्रिस्ताचा आणि चिता पूर्वजांची, यांत त्यांना विसंगती वाटली नसावी.

त्यांचे ‘ख्रिस्तायन’ मात्र अपूर्ण राहिले. दहा-अकरा अध्यायांच्या पुढे ते गेले नव्हते. येशूच्या क्रूसापर्यंत किंवा रिकाम्या कबरीपर्यंत कवीची लेखणी पोचलीच नाही. शाळेचे शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी वैधव्यात ते काव्य हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय रचले. 1936 मध्ये त्या वारल्या आणि 1938 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकेकाळी पतीच्या धर्मांतराने जिचे जग कोसळले होते, तिनेच त्याची थांबलेली कथा पुढे नेली. शुभवर्तमानांतही पुनरुत्थानाची वार्ता प्रथम शोक करणाऱ्या स्त्रियांनाच मिळते. टिळकांच्या श्रद्धेचा विचार करताना त्यांच्या भजनांइतकेच हे अर्धे राहिलेले आणि दुसऱ्या हाताने पुढे गेलेले काव्यही वाचणे अगत्याचे आहे.